दहा सिलिंडरचा लॅपटॉप

आमच्या बुरोंडीत कुठलीही वस्तू नुसती वस्तू म्हणून राहूच शकत नाही. ती दुसऱ्या कशापेक्षा तरी सरस किंवा टाकाऊ असावीच लागते. सुरमई आली की ती हर्णैच्या लिलावातली की आपल्या बंदरातली, हे ठरल्याशिवाय कोणी विळीला हात लावत नाही. पोरीला स्थळ आलं की मुलाला आधीच्या जावयाशेजारी मनातल्या मनात उभं करून उंची मोजतात. अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुराम हे आमच्या गावाचं वैभव, पण तो बघायला आलेला पर्यटकसुद्धा हात जोडायच्या आधी विचारतो, "याच्यापेक्षा मोठा कुठे आहे का हो?" ज्याने समुद्र मागे हटवून ही जमीन काढली, त्याच्यासमोर उभं राहून हा प्रश्न!

अशा गावात आमच्या ओटीवर एक डेस्कटॉप कॉम्प्युटर कोणाशीही तुलना न होता सुखाने जगत होता, हे आश्चर्यच. मुंबईची नोकरी संपवून गावी आलो आणि पुढे हौसेने दापोलीत तो जुळवून घेतला. बायकोने त्याच्या पेटीला जुन्या साडीचा झालरवाला अंगरखा शिवला. त्यावर मी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवतो, विजेचं बिल भरतो आणि दुपारी पत्ते खेळतो. पेटीवर एक निळा चौकोनी स्टिकर होता. त्यावर काय लिहिलंय ते अंगरख्यामुळे कोणाला दिसत नव्हतं, म्हणून घरात शांतता होती.

मे महिन्यात पुण्याचा भाचा आला. आजीच्या पाया पडायला वाकला तो वाकलेलाच राहिला, कारण तेवढ्या उंचीवरून त्याला अंगरख्याखालचा स्टिकर दिसला.

"मामा, आय-फाइव्ह?"

'अजून चूल?' असं विचारताना पुण्याच्या माणसाचा जो आवाज लागतो, तो लागला होता. मग त्याने सॅकमधून आपला लॅपटॉप काढला. वहीएवढा जाड, चकचकीत, आणि स्टिकर आमच्या तोंडासमोर येईल असा धरला. आय-सेव्हन.

"दोनाने जास्त," आई म्हणाली. आईचं शिक्षण जुन्या चौथीपर्यंत झालं आहे, त्यामुळे वजाबाकी पक्की आहे. "पण सात म्हणजे सात काय रे?"

भाचा गप्प झाला. "सात म्हणजे... सात काही नाही, आजी. नुसतं सात."

"मग आठ का नाही घेतलास?"

"आठ नसतो. तीन, पाच, सात, नऊ असे असतात."

"विषम आकडेच? म्हणजे अहेराचं पाकीट की काय?"

तीन-पाच-सात-नऊ हे नेमकं कशाचं मोजमाप, हे त्याला सांगता येईना आणि मलाही येईना, कारण ते कशाचंच नाही. सातात सात गोष्टी नसतात, पाचात पाच नसतात. कंपनीने एका पिढीतल्या एका जातीच्या भावंडांना दिलेली ती ओळ आहे. लॅपटॉपच्या घरातला सात आणि डेस्कटॉपच्या घरातला पाच यांचं एकमेकांशी नातं जेमतेम चुलतभावांचं. पण स्टिकर चिकटवणाऱ्याने हे स्टिकरवर लिहिलेलं नाही, आणि लिहिलं असतं तरी आमच्या ओटीवर ते कोणी वाचलं नसतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायकोने गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून मध्ये रेघ मारली. डावीकडे माझा, उजवीकडे भाच्याचा. माझा निघाला आय-फाइव्ह १३४००. त्याचा आय-सेव्हन १३५५यू. दोघेही इंटेलचे, दोघेही २०२३च्या जानेवारीत बाजारात आलेले. कोअर किती? माझे दहा, त्याचेही दहा. कमाल वेग? माझा ४.६ गिगाहर्ट्झ, त्याचा ५. भाच्याने खुर्ची मागे सरकवून हात डोक्यामागे नेले. सातात पाच गेले, पाचात चार-सहा गेले, आणि किंमत त्याच्या लॅपटॉपची एवढी जास्त होती की ती उजवीकडे लिहायला बायकोला पान आडवं करावं लागलं.

मग वॉटची ओळ आली. त्याची मूळ वीज पंधरा वॉट, माझी पासष्ट.

"बघ, कमी खातो," आई म्हणाली, "आणि पळतो जास्त." हे बोलताना तिने माझ्या पोटाकडे का पाहावं हे मला कळलं नाही.

मी शेवटचं अस्त्र काढलं. "याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर डाक देऊन कायमचा बसवलेला असतो. माझा खाचेत बसतो. उद्या वाटलं तर काढून दुसरा, मोठा बसवता येतो."

"बसवलात कधी?" बायकोने विचारलं.

"नाही. पण येतो."

"माळ्यावर पाटा-वरवंटा आहे. त्यावरही वाटता येतं."

भाच्याने मग लॅपटॉप कुठेही नेता येतो हा मुद्दा मांडला. तो खरा आहे; पण आमच्या घरात माझ्या कॉम्प्युटरचं सोडलं तर नीट चालणारं तीन पिनांचं सॉकेट एकच, तेही स्वयंपाकघरात मिक्सरमागे. त्यामुळे जगात कुठेही नेता येणारं हे यंत्र, पुढे येणारी शर्यत सोडली तर, भाच्याच्या मुक्कामात खोबरं वाटायच्या जागेवरून फारसं हललं नाही. बायकोला वाटण करायचं असेल तेव्हा पुण्यातली मीटिंग दोन मिनिटं थांबायची. उचलून नेण्याचं हे वेड मात्र जुनं आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न नावाचा उचलता येणारा कॉम्प्युटर निघाला. वजन अकरा किलोंच्या आसपास, पडदा पाच इंचांचा, आणि बॅटरी मुळातच नव्हती. त्याच वर्षी आयबीएमचा टेबलावरचा पीसी आला, ४.७७ मेगाहर्ट्झचा. ऑस्बॉर्नचा वेग होता चार. म्हणजे हमाल करून घरी न्यावा लागणारा आणि टेबलावर बसून राहणारा, यांत कोण जोरात, हा वाद तेव्हाच कोणाच्या तरी ओटीवर झाला असणार.

मी मुंबईत फोर्टच्या ज्या ऑफिसात होतो तिथे नंतरच्या काळात एक पीसी होता आणि त्याला टर्बो नावाचं बटण होतं. महिनाअखेरीला पगाराची बिलं काढायची वेळ आली की मोठे साहेब केबिनमधून स्वतः उठून येत, सगळ्यांदेखत ते बटण दाबत आणि परत जात. त्यांचा समज होता की आपण दाबल्यावर मशीन पळायला लागतं. प्रत्यक्षात मशीन आधीच पळत असायचं. जुने प्रोग्रॅम आणि जुने खेळ त्या ४.७७च्या तालावर लिहिलेले, त्यांना नव्या वेगात चालता येत नसे, म्हणून मशीनला मुद्दाम हळू करायची सोय त्या बटणात होती. साहेब दाबून हळू करत, आणि ते वळले की हेडक्लार्क पुन्हा दाबून पूर्ववत करत. पगार वेळेवर होत राहिले आणि श्रेय साहेबांना मिळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाखवा आले. त्यांची होडी बुरोंडीच्या बंदरात असते आणि ते स्वतः बहुतेक आमच्या पडवीत असतात. कॅलेंडरचं पान त्यांनी चष्म्याशिवाय पाहिलं.

"ह्यात शिलिंडर किती?"

कोअर म्हणजे काय ते समजावायला मला दुपार लागली असती. मी म्हटलं, "दहा."

"आणि मशीन तुमचा हा वहीएवढा?" नाखवांनी लॅपटॉपला बोट न लावता खालून वाकून पाहिलं. आमच्याकडे होडी एक सिलिंडरची, दोनची, चारची, सहाची अशीच ओळखली जाते. माणसाची पतही त्यावरूनच ठरते. दहा सिलिंडरवाल्या घरात आपण इतकी वर्षं फुकट चहा पीत होतो याचा त्यांना किंचित संकोच वाटलेला दिसला. पण भाचा प्रामाणिक.

"सगळे सारखे नाहीत हो. माझ्यात दोन मोठे आहेत आणि आठ लहान. मामाच्यात सहा मोठे, चार लहान."

"म्हंजे?"

"मोठे असतात जड कामाला. लहान असतात हलक्या कामाला, वीज वाचवायला."

नाखवांनी तंबाखू मळायची थांबवली. "दोन मोठं आणि आठ बारकं? एका इंजिनात? मंग ता इंजिन नाय, ती वरात हाय."

भाच्याचा पुणेरी स्वाभिमान दुखावला. तो म्हणाला, लहान-लहान प्रोसेसर एकत्र जुंपण्यात कमीपणा कसला? पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक केला तो असाच. डॉ. विजय भटकरांनी एकच राक्षसी प्रोसेसर आणून बसवला नाही, बरेचसे छोटे एकमेकांशेजारी कामाला लावले. मी लगेच मुंबईची बाजू घेतली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला, अडीच हजारांवर व्हॅक्यूम ट्यूब होत्या त्यात, आणि नाव ठेवलं होतं पंडित नेहरूंनी. पुणं तेव्हा काय करत होतं? यावर भाचा म्हणाला, पुणं तेव्हा झोपलं होतं, कारण वेळ दुपारची असणार. हे त्यानेच म्हटल्यामुळे माझी पंचाईत झाली.

नाखवा मधूनच म्हणाले, "त्या ट्यूबा गरम होत असतील."

"फार."

"मंग पानी कुठनं घ्यायचे?"

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. माणसाने वेळेवर ऐकलं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

शर्यतीचं निमित्त उत्सव समितीने दिलं. शिमग्यातल्या पालखीचं चित्रीकरण गावातल्या सात-आठ जणांनी आपापल्या मोबाइलवर केलं होतं. प्रत्येकाने आपल्या भावाला मधोमध ठेवून पालखी कडेने घेतलेली. हे सगळं जोडून एक सलग व्हिडिओ करायचा आणि मुंबईच्या मंडळाला पाठवायचा, कारण तिकडच्या चाकरमान्यांना आपण कुठल्या क्षणी खांदा दिला ते नातेवाइकांना दाखवायचं होतं. समितीचे लोक ओटीवर आले, दोन मशीन पाहिली, आणि त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी अत्यंत निष्पाप चेहऱ्याने विचारलं, "मग कोणाच्यावर लवकर होईल?"

झालं.

पहिली फेरी भाच्याने जिंकली, हे मी मोकळ्या मनाने सांगतो, कारण न सांगितलं तर तो सांगेल. मशीन चालू करा, प्रोग्रॅम उघडा, एक छोटी क्लिप कापा, सेव्ह करा. त्याचा लॅपटॉप डोळ्यांचं पातं लवायच्या आत मोकळा. माझा अर्ध्या पावलाने मागे. एकट्यादुकट्या मोठ्या कोअरचं, दोन-चार सेकंदांचं काम असलं की तो पाच गिगाहर्ट्झवर उडी मारू शकतो. पंधरा वॉटवाला तेवढ्यापुरता पंचावन्न वॉटही ओढतो. आईने त्याच्या तळहातावर साखर ठेवली. मला म्हणाली, "तू नंतर घे."

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवायला हवी. फेरी संपल्यावर मी टास्क मॅनेजर उघडला, कोण किती राबतंय ते पाहायला. यादीत सगळ्यांत वर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावाचा कोणीतरी बसला होता आणि सत्त्याण्णव टक्के प्रोसेसर एकटा खात होता. मी भाच्याला म्हटलं, हा व्हायरस काढ. तो म्हणाला, "मामा, तो रिकामा वेळ आहे."

"म्हणजे एरवी तुझा कॉम्प्युटर सत्त्याण्णव टक्के करतो काय?" आईने विचारलं.

"वाट बघतो."

"कोणाची?"

"मामाची."

हिशेब केला तर ते खरं होतं. ४.६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चारशे साठ कोटी ठोके. मराठी कीबोर्डवर 'ज्ञ' शोधायला मला पाच सेकंद लागतात. तेवढ्यात एकेक मोठा कोअर पूर्ण वेगात असला तर तेवीसशे कोटी ठोके टाकून मोकळा होतो आणि मी अजून 'ज'वर. आणि समजा ज्ञ सापडलाच, तर मी त्याला काय सांगणार? 'पायरी, चार डझन, पैसे यायचे आहेत.' भाच्याचं काम माझ्यापेक्षा भारदस्त असेल असं मला वाटायचं. पण मीटिंगमध्ये त्याच्या खांद्यावरून पाहिलं तेव्हा पडद्यावर बारा माणसांचे चेहरे होते आणि त्यातले अकरा जण 'आवाज येतोय का' असं विचारत होते. पाचशे कोटी ठोके, आणि आवाज येतोय का! आम्ही दोघांनी नजरेनेच ठरवलं की हा विषय समितीपुढे काढायचा नाही.

मुख्य शर्यत दुपारी सुरू झाली. पडवीत बाकं टाकली, समिती बसली, पन्हं फिरलं. मे महिन्यातली बुरोंडीची दुपार म्हणजे उकाडा तर असतोच, शिवाय हवेत एवढा दमटपणा की वर्तमानपत्राचं पान उलटताना आवाज येत नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं. पहिल्या मिनिटाला भाचा पुढे. त्याने बाह्या दुमडल्या. दुसऱ्या मिनिटालाही पुढे. मग त्याच्या लॅपटॉपमधून बारीक शिटीसारखा आवाज यायला लागला, आणि कडेच्या फटीतून असा गरम वारा सुटला की तिथे वाळत घातलेले पापड समितीच्या ज्येष्ठांनी आणखी जवळ सरकवले.

प्रोसेसर बिचाऱ्याचा दोष नव्हता. तो शंभर अंशांपर्यंत तापू शकतो, त्याच्या अलीकडे आला की स्वतःच वेग कमी करतो. नाहीतर जळून जाईल. वहीएवढ्या जागेत पंखा करंगळीएवढा, आत ओढायला हवा आमच्या पडवीतली, आणि खाली भाच्याने मऊ म्हणून घातलेली गोधडी, ती बरोबर हवा घ्यायच्या भोकांवर. त्यात मांजर आलं. मांजराला उबदार जागा कुठली हे कुठल्याही थर्मामीटरच्या आधी कळतं. भाच्याने त्याला हाकललं, ते परत आलं, आणि कीबोर्डावर बसताना त्याने पालखीच्या व्हिडिओत 'लललललल' असं शीर्षक घातलं. ते मुंबईला पाठवलेल्या प्रतीत अजून आहे. कोणी विचारलं तर तो गजर आहे असं आम्ही सांगतो.

पाच गिगाहर्ट्झचे तीन झाले, तीनचे दोन-सव्वादोन झाले. माझी पेटी मात्र कोपऱ्यात घों-घों करत होती. तिचा अंगरखा काढला होता, कडेचं पत्र्याचं दार उघडं टाकलं होतं, आणि आत वाटीएवढा पंखा फिरत होता. तिला एकशे अठ्ठेचाळीस वॉटपर्यंत ओढायची मुभा आहे, आणि ओढलेल्या विजेची उष्णता टाकायला आत मोप जागा आहे. एवढी जागा की दार उघडल्यावर तिथून एक पाल निघाली, तिने समितीकडे एकवार पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली. एका सभासदाने जाहीर केलं की पाल पंख्यात अडकली तर तो डाव धरायचा नाही. तासाभरात मी ऐंशी टक्क्यांवर होतो, भाचा पंचेचाळीसवर. आईने साखरेचा डबा माझ्या बाजूला आणून ठेवला.

आणि लाइट गेली.

आमच्याकडे लाइट जाते ती सांगून जात नाही. यूपीएसने पिं-पिं सुरू केलं. या यूपीएसबद्दल मी गावात बरंच बोलून ठेवलेलं होतं. २०२०च्या जूनमधल्या निसर्ग वादळात दापोली तालुक्यातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हापासून इकडे बॅटरी हा घरोघरचा अभिमानाचा विषय आहे. पण माझा यूपीएस एरवी पत्ते मिटवून मशीन बंद करायला पुरतो. पूर्ण जोराने राबणारी पेटी त्याने कधी पाहिलीच नव्हती. चार पिं झाले, पाचवा अर्धा झाला, आणि पडद्यासकट सगळं काळं. ऐंशी टक्के समुद्रात.

"आम्ही अजून चालू आहोत!" भाचा ओरडला. होता खरा. बॅटरी! समितीतले दोन जण उठून त्याच्या बाकावर गेले, गावात बहुमत असंच बदलतं. पण भिंतीतली वीज गेल्याबरोबर लॅपटॉपने आपला वेग आणखी खाली आणला होता. एक टक्का पुढे सरकायला इतका वेळ लागू लागला की मधल्या काळात फणस फोडून झाला. पंचेचाळीसचे साठ झाले, बॅटरी लाल झाली, आणि दिवेलागणीच्या सुमारास लॅपटॉपनेही मान टाकली. समितीच्या ज्येष्ठांनी निकाल दिला: दोघांचंही पालखीशी काहीतरी चुकलं आहे, नारळ ठेवा.

रात्री भाच्याने जेवताना शोधून काढलं की खरा दोष हवेचा. "पुण्याला एसीत हा असा वागत नाही. इथे याला थंड करायची सोय करा, मग बघा."

हे ऐकायला नाखवा पडवीत होतेच. "काल काय बोललो मी? बारक्या होडीत मोठा इंजिन टाकलंत तर बंदरातल्या पोरांस्नी दाखवाया बरा. म्होरं? थंड कराया पानी कुठनं घ्यायचे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरफ देऊ?"

बुरोंडीत बर्फाला तोटा नाही. सकाळी नाखवांनी थर्माकोलचा खोका आणला, आत ठेचलेला बर्फ. खोका आदल्या दिवशीपर्यंत सुरमईचा होता हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरज पडली नाही. त्यावर बायकोने पापड भाजायची जाळी ठेवली, जाळीवर लॅपटॉप. लाइट आली होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि बर्फाने काम केलं, हे मान्य करायला हवं! शिटी थांबली. नव्वदीत खेळणारं तापमान सत्तरीत आलं. वेग चढला, काल ज्या वेळेला तो वीस टक्क्यांवर होता त्या वेळेला आज तीसच्या पुढे. भाच्याचा चेहरा फुलला. फक्त आजूबाजूला मांजरं जमली होती. काल एक होतं, आज वरच्या आळीतली आली होती. ती उबेसाठी आली नव्हती. त्यांनी लॅपटॉपभोवती गोल धरला आणि शांतपणे बसली. कालच्या मांजरासारखी ती कीबोर्डावर चढली नाहीत. वास खालून येतोय हे त्यांना कळलेलं होतं. भाचा एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने माउस असा लढत होता.

तरीही मी आधी संपवलं. पाऊण तासाच्या आसपास फरक. शेवटी दोन मोठे ते दोनच, सहा मोठे ते सहाच, आणि पंधरा वॉटच्या जिवाला किती वारा घालणार? नाखवा म्हणाले, "दोन शिलिंडरच्या होडीला बरफ बांधून ती सहाची व्हत नाय. मासा तेवढा टिकतो."

मी कॅलेंडरच्या पानावर डाव्या बाजूला मोठी बरोबरची खूण केली. समितीने टाळ्या वाजवल्या. मग ज्येष्ठ म्हणाले, "आता पाठवा मुंबईला."

तयार फाइल एवढी मोठी होती की आमच्या रेंजमध्ये ती पाठवायला लावली तेव्हा पडद्यावर आधी 'सात तास' आलं, मग 'अकरा तास', मग नुसतंच एक चक्र फिरत राहिलं. लाडघरच्या बाजूला रस्त्याच्या वळणावर रेंज बरी येते म्हणून भाचा लॅपटॉप घेऊन तिथे गेला. शेवटी कुठेही नेता येण्याचा उपयोग झाला, असं तो जाताना म्हणाला. तासाभराने परत आला. तिथे बॅटरी संपली होती. मग व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून मुंबईला निघालेल्या एका चाकरमान्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो दादरला पोचला. सगळ्या प्रवासात सर्वांत वेगवान ठरली ती रातराणी एसटी, आणि तिच्यात किती सिलिंडर असतात ते नाखवांनासुद्धा पाठ आहे.

भाचा पुण्याला गेल्यावर आठवड्याने त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. लॅपटॉप ठीक चालतो, म्हणाला. एसीत अगदी ठीक चालतो. फक्त मोठं काम लावलं की पंखा सुरू होतो, आणि पंखा सुरू झाला की बाहेर पडणाऱ्या हवेला बुरोंडी बंदराचा वास येतो. ऑफिसात आधी सगळ्यांनी आपापले डबे तपासले. मग एका हुशार मुलीने वासाचा माग काढला. आता मीटिंगमध्ये त्याला खिडकीजवळची स्वतंत्र जागा मिळाली आहे, आणि त्याच्याकडे कोणी जड काम देत नाही.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्या पेटीसारखी एक जुळवायला दापोलीत किती दिवस लागतात?"

मी उत्तर द्यायच्या आत आईने फोन घेतला. "जुळवायची तर नऊची जुळव," ती म्हणाली. "पाच तुझ्या मामाकडे आहे."